बांध, पंचायत आणि महापालिका : नया नगरच्या निमित्ताने



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून वसंत ऋतू आला की महाराष्ट्रातील शहरे संध्याकाळी व्याख्यानाला बसतात. अशा मालेत इतिहासाचा वक्ता उभा राहिला म्हणजे तो किल्ले आणि मोहिमा यांविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मिरा-भाईंदरसंबंधाने बोलायचे तर त्याला सामग्रीही आहे. घोडबंदरचा किल्ला आहे, उत्तनच्या बाजूचा धारावीचा डोंगर आहे, १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर केलेली स्वारी आहे आणि मे १७३९ मध्ये पडलेली वसई आहे. हे सारे मी आज बाजूला ठेवणार आहे. मला बोलायचे आहे ते मिरारोड स्टेशनच्या पूर्वेस असलेल्या नया नगर या वस्तीच्या निमित्ताने. ही वस्ती अजून पन्नास वर्षांचीही झालेली नाही, तेव्हा तिला इतिहास तो कोणता, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, लोक एकत्र राहू लागले आणि आपल्या सामाईक गरजांचा निकाल कोणी व कसा लावावयाचा हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला, की तेथे इतिहास सुरू होतो. राज्ये कोणी जिंकली हे बखरी सांगतात. परंतु गावच्या पाण्याचा निर्णय कोठे बसून झाला, हे सांगणारी बखर क्वचितच लिहिली जाते.

माझा मुद्दा आरंभीच सांगून टाकतो. या परिसराने गेल्या चाळीस वर्षांत पाच ग्रामपंचायतींपासून महापालिकेपर्यंत मजल मारली. सरकारी श्रेणीच्या दृष्टीने ही मोठी बढती होय. या बढतीत नागरिकाला नळ, रस्ता, दिवा, दवाखाना मिळाला. परंतु जेव्हा ग्रामपंचायत गेली, तेव्हा तिच्याबरोबर ग्रामसभाही गेली, आणि तिच्या जागी काहीच आले नाही. कार्यालयाची बढती झाली आणि नागरिकाची पायरी उतरली. हे कसे घडले, आणि जे गेले ते परत मिळवता येईल काय, एवढाच आजचा विचार आहे.

आधी ही जमीन पाहू. वसईची खाडी आणि समुद्र यांच्या मधली ही सखल भूमी. भरतीचे पाणी आत शिरे आणि ओहोटीला चिखल मागे ठेवून जाई. अशा खाजणात भात पिकवायचे तर आधी बांध घालावा लागतो. बांध घालून खारे पाणी अडवायचे, पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन काढायचे आणि साचलेले पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर सोडायचे, ही खारशेतीची रीत कोकणच्या किनाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. या शेतीचा एक नियम असा की, बांध कोणा एकाचा नसतो. एकाच्या शेतासमोर खेकड्याने बीळ पाडले आणि तो आळसाने स्वस्थ बसला, तर अमावास्येच्या उधाणाला साऱ्या गावाचे भात खारे होते. म्हणून बांधबंदिस्तीला घरटी माणूस द्यावा लागे. कायद्याच्या पुस्तकात स्थानिक स्वराज्य हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी या किनाऱ्यावर स्थानिक स्वराज्य होते. ते बांधावर होते आणि त्याच्या बैठका चिखलात भरत.

हा बांध राखण्याचे काम पुढे गावाच्या हातून निसटले. १८७० मध्ये इंग्रज सरकारने घोडबंदर, मिरा आणि भाईंदर या गावांसंबंधीचा ९९९ वर्षांचा करार रामचंद्र लक्ष्मणजी यांना करून दिला. खाऱ्या पाण्यापासून शेते राखण्याची जबाबदारी त्यांची आणि त्या बदल्यात शेतकऱ्यांनी पिकाचा ठराविक हिस्सा द्यावयाचा, असा त्याचा आशय होता. हे हक्क पुढे एका कंपनीकडे गेले, आणि शेते जाऊन इमारती आल्या तरी त्या हक्कांचा वाद शहराला पुरून उरला. जी गोष्ट गाव स्वतः करीत होता ती कोणी दुसऱ्याने करावी आणि गावाने त्याचा मोबदला द्यावा, असा हा व्यवहार होता. आपल्या आजच्या विषयाची सुरुवात मी येथून धरतो.

जुन्या मराठी गावाच्या कारभाराविषयी आपल्याकडे अभिमानाने बोलले जाते. गोतसभा बसे, तंट्याचा निवाडा होई, महजर लिहिला जाई, आणि त्यावर पाटलाची नांगराची निशाणी पडे. डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी पश्चिम हिंदुस्थानातील ग्रामसंस्थांचा इतिहास १९२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. हा अभिमान अगदीच निराधार नाही. परंतु त्या सभेत कोण बसे, हेही विचारले पाहिजे. ती सभा वतनदारांची होती. स्त्रियांना तेथे स्थान नव्हते, आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांना तर सभेच्या जवळही उभे राहता येत नसे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या गौरवावर कठोर टीका केली ती याच अनुभवातून. तेव्हा जुनी ग्रामसंस्था जशीच्या तशी परत आणावी असे कोणी म्हणू नये. तिच्यातील एकच गोष्ट टिकवण्याजोगी आहे. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार, त्यांनी निर्णयाच्या जागी प्रत्यक्ष बसावे, ही ती गोष्ट होय.

इंग्रजी अमदानीत ही गोष्ट मागे पडली आणि बोर्डे आली. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८ मे १८८२ चा. त्याला अनुसरून १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डांचा कायदा झाला. रस्ते, धर्मशाळा, शाळा, देवी टोचणे ही बोर्डांची कामे. सभासद थोडे, मतदार त्याहून निवडक, आणि बरीच वर्षे अध्यक्षस्थानी सरकारी अधिकारी. ग्रामपंचायतीचा कायदा १९२० मध्ये आला. तरी गावातला सामान्य माणूस या साऱ्या व्यवस्थेकडे दुरूनच पाहत होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. बलवंतराय मेहता समितीने नोव्हेंबर १९५७ मध्ये अहवाल दिला. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्ये समिती नेमली गेली, १९६१ मध्ये जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला, आणि १ मे १९६२ रोजी, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, जिल्हा परिषदा कामाला लागल्या. लोकशाही विकेंद्रीकरण हा त्या काळचा परवलीचा शब्द होता. शाळा, दवाखाने, लहान पाटबंधारे, शेतीखाते यांचा कारभार जिल्ह्याच्या ठिकाणी लोकनियुक्त माणसांच्या हाती आला. त्यातून ग्रामीण नेतृत्वाची एक पिढी तयार झाली, हे टीकाकारांनाही नाकारता येणार नाही.

मिरा, काशी, नवघर, घोडबंदर, भाईंदर ही गावे या व्यवस्थेत ठाणे जिल्हा परिषदेखाली आली. शेजारीच दुसरे एक सूत्र चालू होते. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत वाढली आणि मिरा त्या हद्दीच्या पलीकडे, एका खाडीच्या अंतरावर, राहिले. दहिसरला मुंबईचा कारभार संपे आणि पंचायतीचा सुरू होई. मुंबईत जागेचे भाव चढत गेले, तसतसा या रेषेपलीकडच्या स्वस्त जमिनीकडे बांधकाम व्यावसायिकांचा आणि मुंबईतल्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांचा डोळा गेला.

१९७९ च्या सुमारास सय्यद नजर हुसेन यांनी मिरारोड येथे नया नगर वसवण्यास प्रारंभ केला. पुढे तेथे येणाऱ्यांत मुंबईच्या दाट मोहल्ल्यांतून निघालेली मुसलमान कुटुंबे मोठ्या संख्येने होती. शंभर चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या राहिलेल्या माणसाला स्वतःचा संडास आणि स्वतःचे स्वयंपाकघर असलेले घर मिळणे म्हणजे काय, हे ज्याने चाळीत दिवस काढले आहेत त्याला सांगायला नको. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर हा ओघ वाढला. आधी लोक जागेसाठी येत होते; आता सुरक्षिततेसाठीही येऊ लागले. मशिदी उभ्या राहिल्या, शाळा निघाल्या, बाजार भरला, उर्दूतले लेखक आणि शायर येथे राहावयास आले. शेजारच्या वस्त्यांत मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर हिंदुस्थानी कुटुंबे वसली. उत्तन-डोंगरीकडे ख्रिस्ती कोळी आणि शेतकरी, मूळ गावठाणांत आगरी. पन्नास वर्षांपूर्वी जेथे मिठागरे आणि भातशेते होती, तेथे साऱ्या मुंबईचा एक नमुना उभा राहिला.

या वाढीचा भार सुरुवातीला पडला तो ग्रामपंचायतींवर. भाताची खाचरे आणि शे-दोनशे कौलारू घरे यांच्यासाठी घडवलेली ती संस्था. तिच्या हाती घरपट्टी, थोडी दिवाबत्ती आणि विहिरी. चार मजली इमारतींच्या रांगांना पाणी कोठून द्यावे, मैला कोठे न्यावा, हे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. नगरपालिकेची मागणी म्हणूनच रास्त होती. १२ जून १९८५ रोजी वरील पाच ग्रामपंचायती मिळून मिरा-भाईंदर नगरपालिका झाली. पुढे राई-मुर्धा, डोंगरी, उत्तन आणि वर्सोवा या ग्रामपंचायतीही तिच्यात आल्या. २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाख वस्ती होती. २००१ मध्ये ती पाच लाखांच्या पुढे गेली आणि २०११ मध्ये आठ लाखांच्या वर. वीस वर्षांत साडेचार पट वाढलेल्या शहराला ग्रामपंचायतीच्या अंगरख्यात ठेवणे शक्यच नव्हते.

महापालिकेने केलेल्या कामाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. ज्या वस्तीत एके काळी टँकरची वाट पाहत हंडे रांगेत उभे असत, तेथे नळ आले. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. सांडपाण्याची केंद्रे झाली, उड्डाणपूल झाले. १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर आणि वसई-विरार यांचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आले. ही प्रगती खरी आहे. आता तिची दुसरी बाजू पाहू.

ग्रामपंचायतीच्या कायद्यात ग्रामसभा आहे. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सभासद असतो. त्याला कोणी निवडून द्यावे लागत नाही, नेमावे लागत नाही. वर्षातून किमान चार वेळा ती भरवावी लागते. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे हजर असली की सभेचे काम चालू शकते. सरपंचाला तेथे हिशेब ठेवावा लागतो. पुढे स्त्रियांची स्वतंत्र सभा आधी घेण्याची तरतूदही झाली. हा अधिकार नगरपालिकेच्या कायद्यात नव्हता आणि महापालिकेच्या कायद्यातही आला नाही. १२ जून १९८५ रोजी मिरा गावातला मतदार ग्रामसभेचा सभासद राहिला नाही. तो शहराचा रहिवासी झाला, करदाता झाला आणि पाच वर्षांनी एकदा मतदार झाला. त्या दिवशी ही गोष्ट कोणाला जाणवली नसेल. नळ येणार होता, आणि तहानलेला माणूस कायद्याची कलमे मोजत बसत नाही.

आकडे पाहिले म्हणजे अंतर ध्यानात येते. मोठ्यातल्या मोठ्या ग्रामपंचायतीत सतरा सदस्य असतात, आणि एका सदस्यामागे बहुधा काही शे माणसे असतात. २०१७ च्या निवडणुकीत मिरा-भाईंदरच्या सभागृहात ९५ नगरसेवक होते. २०११ ची लोकसंख्या धरली तरी एका नगरसेवकामागे साडेआठ हजार माणसे होतात. त्यातही बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे : २४ प्रभाग, आणि सरासरी प्रभागात तेहतीस हजारांच्या वर वस्ती. गटार तुंबले तर चौघांपैकी कोणाच्या दारी जावे, हा प्रश्न मतदाराला पडतो, आणि चौघांपैकी प्रत्येकाला ते काम दुसऱ्याचे वाटू शकते.

घटनाकारांच्या वारसांना ही उणीव दिसली नव्हती असे नाही. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. शहरांसाठीची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या नेमण्यास सांगितले. पण दोन्हींची तुलना करा. गावाच्या बाबतीत घटना सर्व मतदारांच्या सभेचे नाव घेते. शहराच्या बाबतीत ती समितीवर थांबते. महाराष्ट्राच्या कायद्यात या समित्यांवर नगरसेवक असतात आणि स्वयंसेवी संस्थांतून नामनिर्देशित केलेले जास्तीत जास्त तीन सदस्य. केंद्राच्या नागरी योजनांच्या पैशाला लोकसहभागाच्या कायद्याची अट होती. ती पुरी करण्यासाठी २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. लहान क्षेत्रातील मतदारांनी एकत्र बसावे आणि आपल्या भागाच्या कामांचा क्रम ठरवावा, अशी ती कल्पना. कल्पना उत्तम होती. परंतु क्षेत्रसभा कायद्याच्या पुस्तकातच राहिली. तुमच्यापैकी किती जण आजवर क्षेत्रसभेला गेले आहेत, असे विचारले तर सभागृहात हात वर होतील असे मला वाटत नाही.

शहरे येथे थांबली असताना काही गावे पुढे गेली. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार घ्या. १९८९ नंतर पोपटराव पवार सरपंच असताना त्या दुष्काळी गावाने पाणलोटाची कामे केली, झाडे राखली; पण माझ्या मते त्यांचे मोठे काम निराळे आहे. पाऊस किती पडला हे मोजावे, गावात पाणी किती मुरले याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा आणि त्यावरून यंदा कोणते पीक घ्यावे हे ठरवावे, असा प्रघात त्यांनी पाडला. शेतासाठी खोल विंधनविहीर घ्यावयाची नाही, उसासारखे तहानलेले पीक लावावयाचे नाही, ही बंधने गावाने स्वतःवर घालून घेतली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीने सर्वांच्या सहमतीने निर्णय घेण्याचा नेम वर्षानुवर्षे पाळला आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील यांनी ग्रामविकास मंत्री म्हणून सुरू केलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात लोकांनी गावोगाव हातात खराटे घेतले. १७ सप्टेंबर २०२५ पासून राज्याने मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू केले, आणि गावांमध्ये पुन्हा चढाओढ लागली.

आपल्या शेजारचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि पालघरमधील डहाणू, जव्हार हे आदिवासी भाग. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांनुसार तेथील एखादा पाडादेखील स्वतःला गाव म्हणून जाहीर करवून घेऊ शकतो आणि आपली वेगळी ग्रामसभा भरवू शकतो. शे-दीडशे माणसांच्या पाड्याला जो अधिकार आहे, तो नया नगरातील हजारो साक्षर, करदात्या नागरिकांना नाही. पाड्याला तो मिळाला याचा मला आनंदच आहे. नगराला का मिळू नये, एवढेच मला विचारायचे आहे.

गावाकडचे सारे गोड आहे असेही समजू नका. कित्येक ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब होतात. कित्येक तर केवळ हजेरीवहीतल्या सह्यांपुरत्या भरतात. २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा आल्या, तरी बाई सरपंच आणि कारभार पाहणारा नवरा, हे दृश्य अजून पुसले गेलेले नाही. तथापि वाईट भरलेली सभा सुधारता येते. जी सभा अस्तित्वातच नाही ती सुधारता येत नाही.

सभा नसल्याने नुकसान कोणते, असे व्यवहारी माणूस विचारील. मी दोन गोष्टी सांगतो. पहिली पाण्याची. मिरा-भाईंदरला येणारे पाणी मुख्यतः उल्हास नदीचे. स्टेम ही जी पाणीपुरवठ्याची संस्था आहे, तिच्यात ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मिरा-भाईंदर या महापालिकांबरोबर ठाणे जिल्हा परिषदही भागीदार आहे. म्हणजे शहर आणि खेडे एकाच नळाला बांधलेले आहेत. हे पाणी पुरेना म्हणून सूर्या प्रकल्पाची योजना आखली गेली. दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर, त्यांपैकी २१८ मिरा-भाईंदरसाठी आणि १८५ वसई-विरारसाठी. सूर्या नदीवरचे धामणी धरण पालघर जिल्ह्यातील शेतीसाठी बांधले होते, आणि तेथील शेतकऱ्यांनी या योजनेला हरकत घेतली. शहरातल्या माणसाला पाणी हवे, यात अपराध नाही. शेतकऱ्याने आपले पाणी मागावे, यातही नाही. परंतु शेतकऱ्याकडे निदान ठराव करण्यासाठी ग्रामसभा आहे. आपण पाणी किती वापरतो, किती गळू देतो आणि कोणाच्या वाट्याचे आणतो, याचा विचार करण्यासाठी शहरातल्या माणसाला बसायला सतरंजीदेखील नाही.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. शहराचा कचरा उत्तनच्या डोंगरावर नेण्यात येऊ लागला. ज्या परिसरासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले, तेथे आता कचऱ्याचे ढीग धुमसू लागले. उत्तनच्या रहिवाशांनी मोर्चे काढले, न्यायालयात आणि हरित लवादापुढे दाद मागितली. उत्तनची ग्रामपंचायत अस्तित्वात असती, तर ग्रामसभेने ठराव करून निदान शहराला बोलणी करावयास लावले असते. ती शहरात विलीन झाली, आणि गावाचे गाऱ्हाणे एका मोठ्या सभागृहातल्या थोड्या मतांचे गाऱ्हाणे ठरले. नया नगरातील कुटुंबाचा कचरा उत्तनच्या कोळणीच्या दारापर्यंत जातो, पण त्या दोघींची भेट होईल अशी एकही जागा या व्यवस्थेत नाही.

असे असूनही लोक हात बांधून बसलेले नाहीत. सभेची भूक माणसाला असते. सरकारने ताट वाढले नाही तर तो घरचे काहीतरी शिजवतो. शहरातले हे घरचे अन्न म्हणजे गृहनिर्माण सोसायटी. १९६० च्या सहकारी संस्थांच्या कायद्याखाली नोंदलेली ही संस्था आज शहरातले सर्वांत लहान सरकार आहे. तिला निवडणूक आहे, हिशेब आहे, ३० सप्टेंबरपूर्वी भरवावयाची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. टाकी कधी भरायची, गळती कोणाच्या खर्चाने काढायची, रखवालदाराचा पगार किती, यांवर जिन्यात खुर्च्या मांडून कडाक्याचे वाद होतात. २०२० च्या टाळेबंदीत दूध, औषधे आणि धान्य दारापर्यंत पोहोचवण्याचे काम अनेक ठिकाणी याच समित्यांनी केले. मशिदींच्या, मंदिरांच्या आणि चर्चच्या मंडळांनीही आपापल्या परीने भुकेल्यांची सोय पाहिली.

आता या लहान सरकारावर मोठी जबाबदारी येऊन पडली आहे. ऐंशीच्या दशकातल्या इमारती खाऱ्या हवेत चाळीशीला आल्या. लोखंड गंजले, गिलावे सुटले. तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने सक्तीची आहे, आणि दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींना महापालिकेच्या नोटिसा लागतात. ज्या जमिनीवर इमारत उभी आहे ती अनेक ठिकाणी सोसायटीच्या नावावरही झालेली नाही. तेव्हा घर पाडून नवे बांधावे की नाही, तोवर राहावे कोठे, भाडेकरूचे काय, दुकानदाराचे काय, हे प्रश्न वीस-पंचवीस कुटुंबांनी आपल्या जिन्यात सोडवावेत अशी वेळ आली आहे. एका इमारतीला हे झेपत नाही. पुनर्बांधणीनंतर गल्लीत माणसे दुप्पट होतील. मग गटार, पाणी, शाळा यांचे काय, हा साऱ्या गल्लीचा प्रश्न आहे, आणि गल्लीची सभा कोठेच नाही.

यात भर पडली ती अलीकडच्या काळात. ऑगस्ट २०२२ मध्ये महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपली. महाराष्ट्रातील इतर अनेक शहरांप्रमाणे येथेही निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. हा काळ तीन वर्षांहून अधिक चालला. जानेवारी २०२४ मध्ये नया नगरात दोन समाजांमध्ये तणाव निर्माण झाला, हाणामाऱ्या झाल्या, आणि पाठोपाठ महापालिकेने तेथील काही बांधकामे अनधिकृत म्हणून पाडली. त्या घटनांचा न्यायनिवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. त्या दिवसांत दोन्ही बाजूंच्या शहाण्या माणसांनी जेथे एकमेकांसमोर बसावे असे निर्वाचित सभागृह शहरात नव्हते, आणि त्याखाली वस्तीची सभा तर कधीच नव्हती. बांध फुटला तेव्हा बांधावर कोणाला बोलवावे, याची यादीच कोणाजवळ नव्हती.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रखडलेल्या निवडणुका घेण्यास सांगितले आणि १५ जानेवारी २०२६ रोजी महापालिकांचे मतदान झाले. सभागृह परत आले, ही समाधानाची गोष्ट होय. पण परत आले ते सभागृह. सभा अजून यावयाची आहे.

ती आणण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागेल असे मला वाटत नाही. प्रत्येक प्रभागातील नगरसेवकांनी वर्षातून चार वेळा आपल्या मतदारांची खुली सभा घेतली, तर त्यांना कोणता कायदा अडवणार आहे? अंदाजपत्रकातून या प्रभागात किती रुपये आले, कोठे खर्च झाले, कोणते काम राहिले, एवढे तीन कागद त्या सभेत वाचले तरी पुरे. स्त्रियांची सभा आधी घ्यावी. हा नेम गावाने घातलाच आहे. सभेचे कामकाज मराठीत लिहावे आणि बोलताना ज्याला जी भाषा येते त्या भाषेत त्याला बोलू द्यावे. नगरसेवकांनी पुढाकार घेतला नाही तर पाच-दहा सोसायट्यांच्या समित्यांनी मिळून गल्लीची बैठक बोलवावी आणि नगरसेवकांना पाहुणे म्हणून आमंत्रण द्यावे. पाहुण्यांना हिशेब विचारू नये असा शिष्टाचार आपल्याकडे आहे; तेवढा त्या दिवसापुरता मोडावा.

कोणी म्हणेल, शहरातल्या माणसाला वेळ कोठे आहे? साडेसातची लोकल पकडणारा आणि रात्री नऊला परतणारा माणूस सभेला कसा बसणार? ही अडचण खरी आहे. पण खारभूमीतल्या शेतकऱ्यालाही उधाणाच्या रात्री झोप सोडून बांधावर जावेच लागे. त्याला सभेची हौस नव्हती; बांध सर्वांचा आहे आणि फुटला तर पाणी आपल्याही शेतात येणार, हे त्याला ठाऊक होते. त्या शेतांवरच आज आपली घरे उभी आहेत. पावसाळ्यात भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचते. जमीन आपला मूळ स्वभाव विसरलेली नाही. आपण मात्र बांध राखण्याची रीत विसरलो आहोत. ती पुन्हा शिकण्यासाठी आरंभ फार मोठा करावयास नको. आपल्या गल्लीतल्या पंचवीस घरांनी महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी तासभर एकत्र बसावे, इतकाच तो आहे.